साठ बस, तीस मार्ग आणि पन्नास मिनिटांची वाट

पत्र :

मी पहिल्यांदाच निवडून आले आणि परिवहन समितीचं सभापतिपद माझ्याकडे आलं. रोज रस्त्यावर निघणाऱ्या बस साठ, कागदावरचे मार्ग तीस. सकाळ-संध्याकाळ माणसं दाराला लोंबकळतात, दुपारी गाड्या रिकाम्या फिरतात. तूट दरवर्षी वाढते आहे. लेखा विभाग म्हणतो, तोट्यातले मार्ग बंद करा. सहकारी म्हणतात, आमच्या प्रभागातून एक गाडी काढा. एका सल्लागारानं मेट्रोचं सादरीकरण दिलं, दुसऱ्यानं इलेक्ट्रिक बसचं. प्रवास फुकट करा असंही काही जण म्हणतात. मुख्य रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका करायचं म्हटलं तर पार्किंग जाईल म्हणून व्यापारी संघटना विरोधात आहे. मागच्या आठवड्यात शहराच्या टोकाच्या वस्तीतून काही वयस्क बायका भेटून गेल्या. त्यांना रुग्णालयात जायला दिवसाला चारच फेऱ्या आहेत आणि त्याही बंद व्हायच्या यादीत आहेत. शाळा-कॉलेजला मी स्वतः बसनंच गेले आहे, म्हणून हे मनाला लागतं. सुरुवात कुठून करू?

– परिवहन समितीची एक सभापती

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बस किती, मार्ग किती, तूट कशी, सगळं तुम्ही नीट लिहिलं आहे. फक्त एक आकडा मला सापडला नाही. तुमच्या शहरातल्या माणसाला थांब्यावर किती वेळ उभं राहावं लागतं? हा आकडा तुमच्या कार्यालयातही कुणी काढलेला नसेल अशी मला शंका आहे, कारण मीही अशाच एका कार्यालयाच्या वेळापत्रक विभागात बरीच वर्षं काढली आणि तिथे तो कुणी मागत नव्हतं. आगारातून गाडी वेळेवर सुटली का, दिवसाचे किलोमीटर पुरे झाले का, तिकिटाचे पैसे किती जमले, एवढंच विचारलं जायचं.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट सांगते. एका गर्दीच्या मार्गावर मी दर पंधरा मिनिटांनी गाडी बसवली होती. कागद बघून साहेब खूश होते, मीही होते. एका संध्याकाळी घरी जाताना त्याच मार्गाच्या मधल्या एका थांब्यावर उभी राहिले. पस्तीस मिनिटं काही आलं नाही. मग तीन गाड्या पाठोपाठ आल्या. पहिलीत पाय ठेवायला जागा नव्हती, तिसरी जवळजवळ रिकामी होती. माझ्या शेजारी एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही, कुरकुरही केली नाही, भरलेल्या गाडीत तशाच घुसल्या. तिसरी गाडी रिकामी आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नोंदवही उघडून पाहिली तर त्या तासातल्या सगळ्या फेऱ्या ‘पूर्ण’ म्हणून लिहिलेल्या होत्या.

हे का होतं, ते सभापतींना ठाऊक असायला हवं. एक गाडी कुठेतरी दोन-तीन मिनिटं अडकते. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर चार माणसं जास्त जमतात, ती चढायला वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते, त्यापुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. तिच्या मागच्या गाडीला मात्र थांबे मोकळे मिळतात, म्हणून ती भराभर पुढे येऊन हिला गाठते. चालकाचा यात काही दोष नसतो. दोष असलाच तर तो मार्गावरच्या गाड्यांमधलं अंतर राखायला कुणीच नसण्याचा. हिशेब करून बघा. दर दहा मिनिटांनी एक गाडी नियमित आली, तर सहज थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्याच गाड्या दर वीस मिनिटांनी जोडीनं आल्या, तर तीच सरासरी दहा मिनिटं होते. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, पगारही तेवढेच, आणि प्रवाशाची वाट दुप्पट.

म्हणून सुरुवात कुठून करायची या प्रश्नाला माझं उत्तर असं : थांब्यावरच्या वाटेपासून. मेट्रो, इलेक्ट्रिक बस, फुकट प्रवास, नवे मार्ग, जो प्रस्ताव तुमच्या टेबलावर येईल त्याला एकच प्रश्न विचारा. यानं वाट किती मिनिटांनी कमी होईल, आणि कुणाची?

आता तुमच्या तीस मार्गांकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे. साठ बस तीस मार्गांवर वाटल्या म्हणजे एका मार्गाला दोन आल्या. जाऊन-येऊन एका फेरीला, टोकाच्या विश्रांतीसकट, शंभर मिनिटं लागतात असं धरू. म्हणजे प्रत्येक थांब्यावर पन्नास मिनिटांनी एक गाडी. पन्नास मिनिटांच्या बसवर कुणी आपला दिवस बांधत नाही. दुसरा काही मार्गच नाही तो माणूस तेवढा थांबतो, आणि दुचाकी घेण्याइतके पैसे साठले की तोही सुटतो. मग प्रवासी घटले म्हणून फेऱ्या कमी करतात, फेऱ्या कमी झाल्या म्हणून आणखी प्रवासी जातात. तुमची दरवर्षी वाढणारी तूट मोठ्या प्रमाणात इथून आलेली असणार.

त्याच साठ गाड्या दहा ठळक मार्गांवर टाकल्या तर एका मार्गाला सहा येतात. शंभर मिनिटांची फेरी सहा गाड्यांत वाटली की सुमारे सतरा मिनिटांना एक गाडी. एका बसनं सरळ जाता येत नाही, मध्ये एकदा गाडी बदलावी लागते, असं समजू. तरी दोन्ही वेळा मिळून सरासरी सतरा मिनिटंच थांबणं होतं. आधीच्या थेट बसची सरासरी पंचवीस मिनिटं होती. लोक म्हणतील, आमची थेट गाडी काढून घेतली. म्हणणारच, आणि त्यांचं ऐकून घ्यायला हवं. पण थेट गाडी पन्नास मिनिटांतून एकदाच येणारी आणि बदलून जायची गाडी दिवसभर कधीही मिळणारी, यांतलं काय वापरायला बरं पडतं हे लोकांना प्रत्यक्ष दाखवता येतं. कागदावर पटत नाही, वापरून पटतं.

हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञानं १९७२ साली हीच गोष्ट गणितात मांडली. प्रवासी वाढले की जास्त गाड्या सोडाव्या लागतात, जास्त गाड्या सुटल्या की प्रत्येकाची वाट कमी होते, वाट कमी झाली की आणखी प्रवासी येतात. रस्त्यावर खासगी गाड्या वाढल्या की सगळ्यांचीच कोंडी होते. बसचं उलट आहे, तिथे नवा माणूस आधीच्याचं भलं करतो. सार्वजनिक वाहतुकीवर सार्वजनिक पैसा खर्च करायचा यामागचा एक भक्कम आधार हा आहे. लेखा विभागासमोर ‘तूट’ या शब्दावर बोलाल तेव्हा हे जरूर सांगा. शहर रस्त्यांवर खर्च करतं त्याला कुणी रस्त्याचा तोटा म्हणत नाही.

पण एक अवघड निर्णय आहे, आणि तो तुमच्याऐवजी दुसरं कुणी घेणार नाही. गाड्या मोजक्या असताना त्यांच्याकडून दोन कामं मागितली जातात. एक, जास्तीत जास्त माणसं वाहून न्यायची. दुसरं, कुणीही अगदी वाऱ्यावर राहू नये म्हणून विरळ वस्त्यांपर्यंतही पोचायचं. दोन्ही कामं योग्यच आहेत, पण एकच गाडी दोन्ही करू शकत नाही. बहुतेक शहरं यातलं काय किती करायचं हे ठरवतच नाहीत. मग दर निवडणुकीत एखादा फाटा, एखादं वळण वाढतं आणि मार्ग शेवयांच्या गुंत्यासारखे होतात.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरानं हे उघडपणे ठरवलं. तिथे निम्म्याहून थोड्याच जास्त फेऱ्या प्रवासी वाढवण्याच्या हिशेबानं धावत होत्या. परिवहन मंडळानं चर्चा करून ठरवलं, यापुढे ८० टक्के साधनं जिथे माणसं जास्त तिथे आणि २० टक्के केवळ पोचण्यासाठी. मग ऑगस्ट २०१५ मध्ये शहरभरचं बसचं जाळं एका रात्रीत बदललं. मुख्य रस्त्यांवरून सरळ जाणारे, एकमेकांना छेदणारे, आठवड्याचे सातही दिवस वारंवार धावणारे मार्ग आले. खर्च जवळपास आधीएवढाच होता. शनिवार-रविवारी तर प्रवासी चांगलेच वाढले, कारण त्या दिवशी आधी गाड्या फारच कमी असायच्या. तुमचं प्रमाण ८०:२० असावं असं माझं म्हणणं नाही, ७०:३० असू शकतं. मात्र ते ठरावात लिहिलेलं असावं. म्हणजे पुढे कुणी ‘माझ्या प्रभागातून एक गाडी’ म्हणून आलं की तुम्हाला विचारता येईल, ही तीसमधली की सत्तरमधली, आणि तिच्यासाठी कुठली काढायची? माझ्या अनुभवात हा प्रश्न विचारला गेला की निम्म्या मागण्या तिथेच थांबतात, आणि उरलेल्या खरोखर विचार करण्याजोग्या असतात.

गाडी बदलून जायचं म्हटलं की तिकिटाचा प्रश्न येतो. बदलणाऱ्याला दुसरं तिकीट पूर्ण काढावं लागत असेल तर वर सांगितलेलं सगळं कोसळतं. लांब राहणारा, एका बसनं न पोचणारा माणूस बहुधा गरीब असतो आणि दंडही त्यालाच बसतो. दक्षिण कोरियाची राजधानी सोल, त्या शहरानं १ जुलै २००४ रोजी मार्ग नव्यानं आखले तेव्हा बस आणि भुयारी रेल्वेचं भाडं एकत्र करून अंतरावर आधारलं. गाडी बदलली म्हणून नव्यानं पैसे नाहीत. त्याच दिवशी गाड्यांना रंगही ठरवून दिले. लांबच्या मुख्य मार्गांना निळा, मुख्य मार्गाला आणून सोडणाऱ्या छोट्या मार्गांना हिरवा, उपनगरांतून येणाऱ्या जलद गाड्यांना लाल, शहराच्या मध्यभागी फिरणाऱ्यांना पिवळा. रंग बघून माणसाला कळतं की ही गाडी कशा प्रकारची आहे.

त्या पहिल्या दिवसांत सोलमध्ये मोठा गोंधळ उडाला होता, तेही सांगते. तिकिटाची कार्डं वाचणारी यंत्रं बिघडली, लोकांना आपली गाडी सापडेना, महापौरांना जाहीर माफी मागावी लागली. जाळं चांगलं होतं म्हणून काही महिन्यांत घडी बसली. तुम्ही बदल करणार असाल तर पहिले पंधरा दिवस प्रत्येक मोठ्या थांब्यावर माहिती देणारी माणसं उभी करा, कार्यालयातल्या टेबलावरची सुद्धा. आणि परीक्षेच्या किंवा भर पावसाच्या दिवसांत बदल सुरू करू नका.

याच सोलनं खासगी बसमालकांशी नवा करार केला. प्रवाशांच्या तिकिटाऐवजी धावलेल्या किलोमीटरवर त्यांना पैसे द्यायचे ठरलं. हा बदल फार मोलाचा आहे. मालकाचं उत्पन्न तिकिटावर असलं की चालक गर्दीच्या थांब्यावर गाडी भरेपर्यंत उभा राहतो, मग पुढच्या गाडीला मागे टाकायला धावतो, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी थांबायचं टाळतो. मात्र नुसते किलोमीटर मोजले तर गाडी रिकामी पळवली तरी पैसे मिळतात. म्हणून करारात गाड्यांमधलं अंतर सांभाळणं, थांब्यावर नीट थांबणं आणि स्वच्छता यांवर बक्षीस आणि दंड दोन्ही हवेत, आणि ते तपासायला समितीची स्वतःची माणसं हवीत. तपासणीचं कामही कंत्राटावर देऊन टाकलेलं मी पाहिलं आहे. त्यातून काहीही हाती लागलं नाही.

आता रस्ता. इथे तुमची खरी कसोटी आहे, कारण बस तुमच्या परिवहन समितीची असली तरी रस्ता दुसऱ्या खात्याचा असतो आणि सिग्नल तिसऱ्याचा.

बारा किलोमीटरचा एक मार्ग घ्या. गर्दीत बसचा वेग ताशी बारा किलोमीटर असेल तर जायला एक तास, यायला एक तास, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं विश्रांती. म्हणजे १४० मिनिटांची फेरी. दर दहा मिनिटांनी गाडी हवी असेल तर चौदा गाड्या लागतील. आता बसला स्वतःची मार्गिका दिली आणि वेग पंधरा झाला. फार नाही, तीनच किलोमीटर वाढले. जायला ४८ मिनिटं, यायला ४८, विश्रांती तेवढीच, फेरी ११६ मिनिटांची. तेवढ्याच सेवेला आता बारा गाड्या पुरतात. दोन गाड्या, त्यांचे चालक-वाहक, त्यांचं इंधन, हे सगळं रस्त्यावरच्या रंगाच्या पट्ट्यानं मिळवून दिलं. किंवा चौदाच्या चौदा तिथेच ठेवा, मग साधारण दर आठ मिनिटांनी गाडी येईल. कोंडी ही फक्त वाहतूक पोलिसांची डोकेदुखी नाही. ती तुमच्या अंदाजपत्रकातली गळती आहे.

व्यापारी संघटनेचा विरोध मी हसण्यावारी नेणार नाही. दुकानासमोरची पार्किंगची जागा गेली की धंदा बसेल ही त्यांची भीती खरी आहे, अंदाज भले चुकीचा असेल. त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवा. पहिली : मिनिटाला एक बस आणि बसमध्ये पन्नास माणसं, तर त्या एका मार्गिकेवरून तासाला तीन हजार माणसं त्यांच्या दुकानांसमोरून जातील. उभ्या मोटारींच्या रांगेतून दिवसभरात किती गिऱ्हाइकं येतात ते त्यांनी स्वतःच एक दिवस मोजावं. दुसरी : आधी करून बघू, मग ठरवू. स्वीडनची राजधानी स्टॉकहोमनं शहराच्या मध्यभागी येणाऱ्या वाहनांवर कर बसवला, तो आधी जानेवारी ते जुलै २००६ असा प्रयोग म्हणून. त्याआधीच जादा बस सुरू केल्या होत्या. प्रयोगापूर्वी लोकमत विरोधात होतं. वाहनं सुमारे पाचव्या हिश्शानं घटली, रस्ते मोकळे झाले, आणि त्याच सप्टेंबरात झालेल्या सार्वमतात शहरातल्या बहुसंख्य लोकांनी कर ठेवा म्हणून मत दिलं. तुम्हाला तेवढं मोठं पाऊल आज टाकायचं नाही. प्लास्टिकचे खांब आणि रंग घेऊन एका रस्त्यावर तीन महिने मार्गिका करा. आधीची मोजणी करा, नंतरची करा, आणि दोन्ही आकडे त्याच संघटनेच्या सभेत जाऊन वाचा. आकडे वाईट आले तरी वाचा.

प्रयोग अर्धवट मात्र करू नका. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे सहा किलोमीटरचा बस कॉरिडॉर २००८ मध्ये सुरू झाला. बस रस्त्याच्या मधून धावत होत्या, मात्र लांबी तुटपुंजी, त्या जागेत दुसरी वाहनं घुसायची, चौकातल्या सिग्नलवर लांबच लांब रांगा लागायच्या, आणि मोटारीतून जाणाऱ्यांचा आवाज मोठा होता. बसमधल्या प्रवाशांचा वेळ वाचत होता, पण ते बोलायला पुढे आले नाहीत, किंवा त्यांना कुणी विचारलं नाही. २०१५ मध्ये तो कॉरिडॉर मोडीत काढायचं ठरलं. माझ्या मते त्या कल्पनेत खोट नव्हती. तिची देखभाल झाली नाही आणि तिची बाजू घेणारं कुणी उभं केलं गेलं नाही. तुमच्या मार्गिकेत पहिल्या आठवड्यात उभी राहिलेली पहिली मोटार उचलली गेली नाही, तर दुसऱ्या आठवड्यात मार्गिका उरणार नाही.

सिग्नलचं काम त्या मानानं सोपं आहे आणि त्याला विरोधही कमी होतो. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा मोठा प्रकल्प नाकारला. पण १९७७ मध्ये त्याच लोकांनी रस्त्यावरच्या ट्राम आणि बसना प्राधान्य देण्याच्या बाजूनं मत दिलं. तिथे ट्राम चौकाजवळ आली की सिग्नलला कळतं आणि ती पोचेपर्यंत हिरवा मिळतो. एकेका चौकातले वाचलेले वीस-तीस सेकंद मोजायला क्षुल्लक वाटतात, पण पंधरा चौकांचे मिळून काही मिनिटं होतात. आणि वर सांगितलेली, एक गाडी मागे पडत जाण्याची साखळी सुरूच होत नाही. चढण्या-उतरण्याचा वेळही असाच. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१२ मध्ये सगळ्या बसमध्ये सगळ्या दारांनी चढायची मुभा दिली. पासवाले मागच्या दारानं चढले की पुढची रांग निम्मी होते.

मेट्रोबद्दल थोडक्यात. माझा विरोध नाही. जिथे एकाच पट्ट्यातून तासाला हजारो माणसं रोज जातात आणि रस्त्यावर आणखी बस मावत नाहीत, तिथे रूळ टाकायलाच हवेत. तुमच्या शहरात तशी गर्दी आहे की नाही हे आज सांगताच येणार नाही, कारण पन्नास मिनिटांच्या बसवरून खरी मागणी कळत नाही. आधी त्या पट्ट्यात दर पाच मिनिटांनी बस चालवा. ती भरून वाहू लागली की तो आकडा घेऊन मेट्रो मागा. आणि सादरीकरण देणाऱ्यांना विचारा, स्थानकापर्यंत माणूस येणार कसा? ज्या शहरात पोचवणारी बस नाही तिथे मेट्रोचं स्थानक बाहेरून सुंदर दिसतं आणि आत मोकळं असतं.

कुरितीबाचं उदाहरण तुमचे सल्लागार कदाचित स्वतःच देतील. ब्राझीलच्या या शहरात वास्तुरचनाकार महापौर जैमी लर्नर यांच्या काळात, १९७४ पासून, बससाठी स्वतंत्र रस्ते झाले. पुढे नळीसारखे थांबे आले, ज्यांत तिकीट आधीच काढून बसच्या आतल्या तळाएवढ्या उंचीवर उभं राहता येतं. फोटो नेहमी त्या थांब्यांचे छापतात. माझ्या दृष्टीनं मोठं काम वेगळंच होतं. उंच इमारतींना त्या बस रस्त्यांच्या कडेनंच परवानगी द्यायची हे त्यांनी ठरवलं आणि पाळलं. म्हणजे नवा माणूस राहायला यायचा तोच बसजवळ. तुमच्या शहरात नवी वसाहत, नवं महाविद्यालय, नवं रुग्णालय कुठे होणार याची फाईल नगररचना खात्याकडे असेल. ती मंजूर होण्याआधी तुमच्या समितीकडे यावी असा ठराव करून घ्या. स्वस्त जमीन मिळाली म्हणून रुग्णालय गावाबाहेर नेलं, की तिथे गाडी पोचवायचा खर्च पुढची चाळीस वर्षं परिवहन खात्यानं सोसायचा असतो.

फुकट प्रवासाचं म्हणाल तर, गरिबाला, विद्यार्थ्याला, वृद्धाला सवलत द्या, ती योग्यच आहे. पण सगळ्यांना सगळं फुकट केल्यानं मोटारवाले बसकडे वळतात असा अनुभव नाही. एस्टोनियाची राजधानी तालिननं २०१३ पासून रहिवाशांना प्रवास मोफत केला. सुरुवातीच्या अभ्यासात प्रवाशांची वाढ किरकोळ निघाली, आणि आधी पायी जाणारे बसमध्ये आले असंही दिसलं. पैसे दोन ठिकाणी घालता येतात, तिकीट माफ करण्यात किंवा फेऱ्या वाढवण्यात. तुमच्या पन्नास मिनिटांच्या शहरात मी फेऱ्या निवडेन. न येणारी बस फुकट असून उपयोग नाही.

इलेक्ट्रिक बस जरूर घ्या. हवेसाठी घ्या, चालकाच्या कानांसाठी घ्या. फक्त खरेदीपूर्वी वेळापत्रक विभागाला विचारा, कारण चार्जिंगला उभी असलेली गाडी मार्गावर नसते. काही ठिकाणी जुन्या दहा गाड्यांचं काम करायला नव्या अकरा-बारा लागतात. हे आधी कळलं तर नियोजन होतं, नंतर कळलं तर फेऱ्या रद्द होतात.

दुपारच्या रिकाम्या गाड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर घाईनं काही करू नका. आपली वेळापत्रकं नोकरीला जाणाऱ्या पुरुषाच्या दिवसावर बेतलेली असतात, सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं. बाईचा दिवस तसा नसतो. मुलाला शाळेत सोडायचं, तिथून कामावर, मध्येच सासऱ्यांचं औषध, परत शाळा, मग बाजार. छोट्या छोट्या फेऱ्या, भर दुपारी, आणि मध्यभागाकडे न जाणाऱ्या. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात १९९९ मध्ये लोकांना प्रश्नावली देऊन विचारलं की तुम्ही सार्वजनिक वाहनानं कुठे-कुठे आणि कशासाठी जाता. पुरुषांचं उत्तर काही मिनिटांत संपलं, बायकांचं लिहिणं संपेना. तुमच्या दुपारच्या गाड्या रिकाम्या आहेत त्या बायकांना जायचं नाही म्हणून, की त्या गाड्या त्यांना हव्या तिथे जात नाहीत म्हणून? हे विचारूनच कळेल. विचारायला जाताना दुपारी दोनला थांब्यावर जा, संध्याकाळच्या सभेत नको. सभेला यायला त्यांना वेळ नसतो, आणि रात्री परतायला बस नसते.

थांब्याकडे जाणारी वाट पण बघा. बसनं जाणारा प्रत्येक माणूस आधी पायीच निघतो. पाच मिनिटं चालून थांबा येत असेल, म्हणजे साधारण चारशे मीटर, तर लोक कुरकुर न करता चालतात. पण वाटेत फुटपाथ नसेल, दिवा नसेल, रस्ता ओलांडायला जागा नसेल, तर हेच अंतर म्हाताऱ्या माणसाला आणि रात्री एकट्या निघालेल्या मुलीला ओलांडता येत नाही. तो खर्च बांधकाम खात्याचा आहे, पण मागणी तुमच्या समितीनं करायची.

चालक-वाहकांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. कुठला चौक अडतो, कुठल्या थांब्यावर गाडी फुटपाथला लागतच नाही, कुठली वेळ कागदावर खोटी आहे, हे त्यांना आराखडा करणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. टोकाच्या थांब्यावर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी आहे का, तेही बघून या. मी वेळापत्रकातली दहा मिनिटांची विश्रांती कापून फेऱ्या वाढवल्या होत्या, त्याची मला आजही खंत वाटते. त्या दहा मिनिटांत माणूस लघवीला जातो, पाणी पितो, आणि मागे पडलेली गाडी पुन्हा वेळेवर येते.

आता त्या बायकांच्या चार फेऱ्या. त्या बंद करू नका. त्या फेऱ्या ‘पोचण्याच्या’ हिश्शातल्या आहेत, त्यांच्याकडून उत्पन्नाची अपेक्षाच चुकीची. पण आहेत तशाही ठेवू नका. त्या वस्तीत परत जा आणि विचारा, बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवायला किती वाजता पोचावं लागतं, तपासणी होऊन औषधं हातात यायला किती वाजतात. बहुधा असं निघेल की सकाळची गाडी नोंदणी संपल्यावर पोचते आणि दुपारची परतीची गाडी औषधांच्या रांगेत उभं असतानाच सुटते. चार फेऱ्या त्या वेळांना बांधा. शक्य असेल तर ही गाडी रुग्णालयापर्यंत न नेता जवळच्या मोठ्या चौकापर्यंत आणा, जिथून ठळक मार्गाची गाडी वरचेवर मिळते. अंतर वाचलं तर तेवढ्याच गाडीत चाराच्या सहा फेऱ्या होतील. मात्र त्या चौकात बसायला बाक आणि डोक्यावर छप्पर असलं पाहिजे, दुसरं तिकीट लागता कामा नये, आणि संध्याकाळच्या शेवटच्या फेरीनं मुख्य मार्गाची गाडी आल्याशिवाय हलायचं नाही अशी चालकाला लेखी सूचना हवी. वेळा दर तासाच्या एकाच मिनिटाला ठेवा, दहा वाजून दहा, अकरा वाजून दहा, म्हणजे तोंडपाठ होतात. आणि ती पाटी त्यांच्या थांब्यावर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावून घ्या.